नातीची निवड बघायला घाटावर गेले, त्याची हकीगत

त्या दिवशी मैदानात कोण कोण होतं ते आधी सांगते, म्हणजे पुढे घोळ नको. मी जानकी, तळाशीलची, वय सत्तरच्या पुढे. माझी नात तेजस्विनी, तिला आम्ही तेजू म्हणतो, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, फुटबॉलमध्ये गोल राखते. तिच्या कॉलेजातले खेळाचे परब सर. कोल्हापूरच्या आक्का, माझ्या भाचीची सासू, जिच्या घरी आम्ही उतरलो. आणि मणिपूरकडच्या एक बाई, एका क्लबाच्या. त्यांचं नाव माझ्या तोंडात बसत नाही, म्हणून मी त्यांना टोपीवाल्या बाई म्हणते. जेवतानासुद्धा त्यांनी डोक्यावरची टोपी काढली नाही. बाकी माणसं पुष्कळ होती, पण ह्या गोष्टीत एवढीच.

वाडीतल्या बाया अजून विचारतात, काकी, सामना जिंकलात काय. तसं ते नव्हतंच. तो सामना जिंकायसाठी नव्हता. मलाही आधी कळलं नव्हतं, परब सरांनी दोनदा समजावलं तेव्हा कळलं. निरनिराळ्या कॉलेजांतल्या चांगल्या चांगल्या पोरी निवडून एका ठिकाणी बोलावतात. त्यांचे दोन भाग करतात, एक लाल, एक पांढरा. कालपर्यंत एकमेकींच्या विरुद्ध खेळलेल्या पोरी एका बाजूला, आणि एका कॉलेजातल्या दोघी समोरासमोर. तीन दिवस सराव, चौथ्या दिवशी सामना. बाजूला मोठ्या क्लबांची माणसं वह्या घेऊन बसतात. हे क्लब म्हणजे जे वर्षभर पोरींना आपल्याकडे ठेवून खेळवतात आणि त्यांचे सामने मोबाईलवर दिसतात. पाचव्या दिवशी एकेक क्लब पाळीपाळीने एकेक नाव घेतो. जिचं नाव घेतलं ती पुढे गेली. जिचं नाही घेतलं, ती घरी.

तेजूचं हे शेवटचं वर्ष. कॉलेज संपलं की कॉलेजचं मैदानही संपलं, सरही संपले. तिचा बापूस बाबी, माझा झिल, गोव्यात ट्रॉलरवर असतो. त्याने फोनवर सांगितलं होतं, घेतली तर जाऊ दे, नाही घेतली तर जूनपासून कोळंबीच्या कंपनीत लाव, तिथे पोरी हव्या आहेत. तो वाईट नाही. तेजूची आई गेली तेव्हा पोर चार वर्षांची होती, तापाचं निमित्त, तीन दिवसांत आटपलं. तेव्हापासून पोर माझ्याकडे. मलाच ती आये म्हणते. बाबीने जे बघितलंय त्यात मुलीच्या खेळाला जागा कुठे होती, ते त्याला तरी कसं कळावं.

तळाशील ते वैभववाडी

सकाळी पेज जेवून निघालो. परब सर कणकवलीला भेटणार होते. मी बरोबर एक पिशवी घेतली होती, आक्काकडे रिकाम्या हाताने कसं जायचं. आत सुके बांगडे, सोलं, आणि थोडी तिरफळं. बांगडे चांगले तीन कागदांत गुंडाळून वर प्लास्टिक बांधलं होतं. पण जानेवारीचं ऊन, बंद खिडक्या. नांदगाव यायच्या आधीच गाडीतली माणसं माना वळवून बघायला लागली. कंडक्टर आमच्या मालवणकडचाच. तो तिकीट देताना वाकून म्हणाला, "आजये, पिशयेत कोण मेला काय गो?"

मी म्हटलं, "मेला नाय रे, बांगडे सुकलेहत. तुझ्या घराक काय फुलां शिजतत?"

गाडी हसली. तेजूने खिडकीकडे तोंड केलं. तिला लाज वाटली असणार, सर पुढच्याच सीटवर होते. कंडक्टरने पिशवी मागे टायरच्या बाजूला नेऊन ठेवली. मग मागचा खारेपाटणचा एक म्हातारा पुढे आला आणि मला म्हणाला, दोन मिळतील काय, घरात सुनेला डोहाळे लागलेत. दिले. मग आणखी एकीने मागितले. वैभववाडीला उतरेपर्यंत पिशवी निम्मी झाली.

नांदगावला गाडी थांबली तेव्हा मी तेजूला बोट करून तिठा दाखवला. तरणी असताना सुकी मासळी डोक्यावर घेऊन मी तिथे बसायची. रेल्वे नव्हती तेव्हा. मिळेल त्या ट्रकातून यायचं, नाही मिळालं तर मधल्या गावात कोणाच्या पडवीला पाठ टेकायची. एकदा पायात बाभळीचा काटा मोडला तो आठ दिवस आत राहिला. तेजूने विचारलं, "मगे काय केलंस?" मी म्हटलं, काय करणार, आठ दिवस बसले नाही, फिरले. पिकला तेव्हा आपोआप बाहेर आला.

वैभववाडीला बाजाराचा दिवस होता. आमच्याकडे बाजारात जाऊन बाई आधी मासळीकडे वळते, इथे आधी मिरचीकडे. चहा घेतला, बटाट्याची भजी खाल्ली. समोर सह्याद्री उभा. आमच्या किनाऱ्यावरून उघाडीच्या दिवसात तो निळ्या रेघेसारखा दिसतो. जवळून बघितला तर काळा, ओला, आणि मान मागे टाकली तरी संपत नाही. सत्तर वर्षं झाली, मी कधी त्याच्या पलीकडे गेले नव्हते. जायचं कामच पडलं नाही.

घाटात कान बंद झाले. गगनबावड्याला धुकं, आणि जी थंडी लागली ती मला माहितीच नव्हती. आमची थंडी म्हणजे पहाटे अंगावर गोधडी घेण्याएवढी. ही हाडाला जाऊन बसते. मी पदर कानावरून घट्ट घेतला. तेजू मोबाईलवर गोलकीपरांचे व्हिडिओ बघत होती, तिने मान वर केली नाही.

कोल्हापूर

कोल्हापूर मला आवडलं. ऊस बघितला, गुऱ्हाळाचा वास घेतला. त्या वासाने भूक लागते आणि पोटही भरतं. रंकाळा बघितला. एवढं पाणी, पण लाट नाही. मी जरा वेळ वाट बघितली, मग तेजू म्हणाली, चल आये, येवची नाय ती.

आक्का म्हणजे माझ्याच वयाची बाई, पण आवाज असा की गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल. तिच्या पेठेत फुटबॉल म्हणजे आमच्याकडे जत्रा असते तसं. घराघरावर आपल्या मंडळाचा झेंडा. शेजारच्या पेठेचं मंडळ वेगळं. आक्काची धाकटी सून त्या पेठेतली. दोन्ही मंडळांचा सामना असला की दोघी स्वयंपाकघरात बोलत नाहीत, भाकरी एकीने थापायची, दुसरीने भाजायची, मुक्याने. मला हे ऐकून हसू आलं आणि बरंही वाटलं. आमच्याकडे पालखी आधी कोणाच्या दारात, यावरून अशी बोलणी बंद होतात.

उरलेले बांगडे आक्काने हौसेने गॅसवर भाजायला घेतले, दारं-खिडक्या लावून, थंडी म्हणून. दहा मिनिटांत शेजारची बाई आली. नाकाला पदर. विचारायला लागली की तुमच्याकडे गटार फुटलंय का. आक्का म्हणाली, "गटार न्हाई, पाहुण्यांचा बांगडा हाय. या, बसा, खावा." बाई आधी नको नको म्हणाली. मग बसली. मग दुसरा मागितला.

मला तांबडा रस्सा वाढला. मी वाटी तोंडाला लावली आणि डोळ्यांत पाणी आलं. आक्का बघत होती, म्हणून पुरती प्यायले. पांढरा चांगला, पण खोबरं असून त्यात खोबऱ्याची चव वर येत नाही. मी तसं बोलले नाही. आमच्याकडे कालवण नारळावर उभं असतं, त्यांच्याकडे मसाल्यावर.

तीन दिवस सराव बघितला. आधी पोरींना मोजतात. उंची, वजन, किती पळते, किती उडी मारते. गोल राखणाऱ्या चौघी होत्या, त्यांचे तर पंजेही मोजले. टोपीवाल्या बाईंनी तेजूचा हात कागदावर पसरून ठेवला, अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत रेघ मारली, आणि पुन्हा एकदा मारली. मला आमच्याकडचा लिलाव आठवला, सुरमईचे कल्ले उचलून बघतात ते. पण सुरमई मेलेली असते. ही पोरगी बघत होती, बाई वहीत काय लिहितात ते.

परब सर म्हणाले, आजी, खरी निवड ह्या तीन दिवसांत होते. सामन्यात नशीब असतं, सरावात रोजचं दिसतं. पण सामना सगळे एकदम बघतात, तेव्हा त्यात चूक नको.

तेजू सरावात चांगली होती. हे मी आजी म्हणून सांगत नाही, आक्काही म्हणाली. आक्काने आयुष्यभर फुटबॉल बघितलाय, तिला खेळाडूच्या पायावरून कळतं. पहिल्या दिवशी तिने मला सगळा खेळ समजावला. त्यातलं निम्मं कळलं. गोलकीपरचं तिने सांगितलं ते मात्र नीट कळलं. "ती म्हंजे घरातली बाई बघा. धा येळा अडवलं तर कुणी बघत न्हाई. एकदा सुटलं की गावभर."

सामन्याचा दिवस

इथे रापणीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडी जाळं घेऊन समुद्रात जाते, अर्धा गोल करून परत येते. जाळ्याचे दोन दोर, दोन बाजूला माणसं, ओढत ओढत एकमेकांजवळ सरकतात. मासळी मधे. एखादी बाजू ढिली पडली की मासळी तिथून सुटते. ओढणाऱ्याला ते दिसत नाही, त्याची मान खाली असते. म्हणून एक माणूस वाळूच्या उंचवट्यावर उभा राहतो. त्याला ढिली बाजू दिसली की तो कुकारो घालतो, म्हणजे लांबवर जाईल अशी हाक मारतो, आणि हात करतो. ज्या बाजूला हात, त्या बाजूला पोरं धावतात. विचारायचं नाही. विचारेपर्यंत मासळी गेली.

माझा घोव, म्हणजे नवरा, हे काम करायचा. त्याच्या छातीत पाणी झालं, मग तो गेला, आणि उंचवट्यावर मी उभी राहिले, कारण मला ते दिसतं. आधी लोक हसले, बाईमाणूस कुकारो घालते म्हणून. दोन हंगाम हसले. मग थांबले. तेजू सहा वर्षांची असल्यापासून दोराला आहे. तिचे पंजे त्याच दोराने मोठे झाले.

तर सामना. पहिला अर्धा वेळ लालांकडून दुसरी पोरगी गोल राखत होती, दुसऱ्या अर्ध्यात तेजू उभी राहिली. आक्काने मुद्दाम जागा धरली होती, तेजूच्या गोलाच्या अगदी बाजूच्या पायऱ्या. तेजूने पहिला चेंडू पोटाशी घेतला. दुसरा वरून येत होता, तो बोटांनी बाहेर काढला. त्याला टाळ्या पडल्या. वहीवाल्यांच्या ओळीत माना वळल्या, मी बघितलं. तोपर्यंत कोणाचाच गोल नव्हता.

मग पांढऱ्यांची एक उंच पोरगी आमच्या बाजूने सुटली. तिच्याजवळ आपली कोणीच नाही. चेंडू अजून मधे होता, दुसरीच्या पायात. मला जाळं ढिलं पडलेलं दिसलं. दुसरं काही मनात आलं नाही. मी उठले, पदराचं टोक मुठीत घेऊन हात केला, आणि कुकारो घातला.

तेजूचं शरीर हललं. डोकं नंतर हललं असेल. ती दोन पावलं माझ्या हाताकडे आली. दोनच. मधल्या पोरीने चेंडू उंच पोरीला दिलाच नाही. तिने सरळ मारला, तेजूने सोडलेल्या बाजूने. तेजू पडेपर्यंत तो जाळीत होता.

माझा हात वरच होता. आक्काने तो धरून खाली घेतला आणि मला बसवलं. म्हणाली, "बसा, विहीणबाई." एवढंच.

त्यानंतर तेजूने आणखी एक अडवला, पण मला तो नीट दिसला नाही. सामना एक-शून्य झाला. लाल हरले. हरण्याचं कोणालाच काही नव्हतं, पोरी एकमेकींबरोबर फोटो काढत होत्या.

परब सर धावत तेजूकडे गेले. मीही मागून गेले. सर रागावून विचारत होते, जागा का सोडलीस, चेंडू मधे असताना तू कोपऱ्यात काय करत होतीस. तेजूने माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाली, "नजर गेली, सर. माझी चूक."

सरांना काही कळलं नव्हतं. मैदानात किती आरडाओरडा, त्यात एका म्हातारीची हाक. दोघींनाच माहीत होतं. आणि आक्काला.

त्या संध्याकाळी मी भाकरी खाल्ली, पण चव कळली नाही. तेजू नेहमीसारखी जेवली, भांडी घासायला लागली, आक्काच्या सुनेशी हसली. मला हे सोसायची सवय आहे. काटा आठ दिवस पायात ठेवून फिरता येतं. पण हा माझ्या पायात नव्हता.

नावं घेतली तो दिवस

सकाळी कोणाला न सांगता मी मैदानाजवळच्या ऑफिसात गेले. नावं अकरा वाजता घेणार होते. एका खोलीत क्लबांची माणसं चहा पीत बसली होती. परब सर दारातच भेटले, म्हणाले आजी, इथे कशाला. मी म्हटलं, मला त्या टोपीवाल्या बाईंशी बोलायचं आहे. ते नको नको म्हणत होते, मी आत गेले.

ऑफिसात बोलतात तशी मी बोलले. "बाई, काल गोल झाला, ती चूक माझी आहे. मी हात केला. मुलगी त्याच्यामुळे गेली."

बाईंना मराठी येत नव्हती. सरांनी हिंदीत सांगितलं. सांगताना सरांचा चेहरा पडला, कारण त्यांनाही तेव्हाच कळलं. बाईंनी वही बंद केली. विचारलं, हात केला म्हणजे काय, आणि ती का गेली. मग मला रापण सांगावी लागली, सगळी, होडीपासून. बाकीची माणसंही ऐकायला लागली. एकाने विचारलं, अजून ओढता का. मी म्हटलं, ओढत नाही, उभी राहते. बाईंनी विचारलं, "कौन सा हाथ?" मी उजवा दाखवला. त्यांनी तो हातात घेऊन उलटा केला, पंजा बघितला, आणि सोडला.

मग बोलल्या, सरांनी मला सांगितलं. "म्हणतात, मैदानात सगळेच हात करतात. तिने बघायचं नसतं. काल मी बघितलं ते लिहिलंय, ते खोडणार नाही. आणि तीन दिवस बघितलं, तेही लिहिलंय. आजी, आता बाहेर बसा."

मी बाहेर बसले.

नावं घेताना पोरी पायऱ्यांवर बसल्या होत्या. सहा क्लब होते, चिठ्ठ्यांनी पाळी ठरली होती. एकेक माणूस उठायचा, नाव घ्यायचा, पोरगी उठून पुढे जायची. आमच्याकडे रापणीचे वाटे वाळूवर मांडतात तेव्हा एकाला पाठ करून उभा करतात. वाट्यावर बोट ठेवून विचारतात, ह्यो कोणाचो. तो न बघता नाव सांगतो. म्हणजे कोणाला कोणता वाटा आला त्याबद्दल कोणी कोणाला बोल लावू शकत नाही. इथे उलटं. इथे घेणारा सगळं बघून, मोजून, वहीत लिहून, तोंडासमोर नाव घेतो. आणि जिला घेत नाही, तीही समोरच बसलेली असते. मी ते बघत होते आणि वाटत होतं, दोन्हीतलं बरं कोणतं. अजून ठरवता आलं नाही.

पहिली फेरी संपली. दुसरी संपली. दोन गोलकीपर गेल्या. तिसऱ्या फेरीत तिसरी गेली. तेजू ताठ बसून होती, हात मांडीवर. शेवटचं नाव झालं तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या, सगळ्यांसारख्या.

पोरी उठल्या, कोणी रडत होत्या. तेव्हा टोपीवाल्या बाई तेजूकडे आल्या आणि हिंदीत बोलल्या. नंतर सरांनी सांगितलं. जूनमध्ये बंगळूरला त्यांच्या क्लबाचं सहा आठवड्यांचं शिबीर. तिसरी गोलकीपर, राखीव म्हणून ये. सहा आठवडे बघू. नंतर ठेवू किंवा परत पाठवू. लिहून काही दिलं नाही, बसचं तिकीट पाठवीन म्हणाल्या. आणि जाता जाता माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "दादी घर पे." सगळे हसले, मीसुद्धा. तेजू हसली नाही.

परत येताना

आक्काने मसाल्याची बरणी बांधून दिली. गाडी गगनबावड्याला चहासाठी थांबली. धुकं तसंच होतं. सर गाडीतच झोपले होते. तेजू आणि मी टपरीच्या बाकावर बसलो. कोल्हापूरपासून ती खिडकीला डोकं टेकून होती. मला वाटलं पोर दमली. मी म्हटलं, तेजू, माझ्या हातान तुझा नुकसान झाला.

ती म्हणाली, "तू हात केलंस, पण गेलंय ती मी. ता मी तुका कधी बोललंय?"

"नाय."

"मगे थंय खोलयेत कित्याक गेलंस?"

मी म्हटलं, खरा सांगूक.

"कोणी विचारल्यान तुका?" तिचा आवाज चढला नाही, पण पेला बाकावर ठेवताना चहा सांडला. "मी सरांक सांगितलंय, माझी चूक. संपला होता. आता तेंनी माका बोलयल्यानी ता माझो खेळ बघून, काय तुका बघून? ता माका कसा कळतला? सांग."

मी पदराने बाकावरचा सांडलेला चहा पुसला.

"तू दोनदा हात केलंस, आये," ती म्हणाली. "माझा चुकला ता माझा आसांदे."

कंडक्टरने घंटी दिली. आम्ही गाडीत बसलो. घाट उतरताना कान पुन्हा बंद झाले, वैभववाडीला उघडले. तिथे तिने मला खाली उतरवून लिंबूसरबत पाजलं, माझी पिशवी स्वतः घेतली. पण त्या गोष्टीवर परत बोलली नाही. आजपर्यंत नाही.

मी पुष्कळ विचार केला. आयुष्यात जे आलं ते मी अंगावर घेतलं, घोवाचं, सुनेचं, समुद्राचं. दुसऱ्याचं ओझं आपल्या डोक्यावर घ्यायचं, हेच मला चांगलं माहीत होतं. ते घेतल्याने कोणाचं काही हिरावून घेतलं जातं, हे मला सत्तरीनंतर, गगनबावड्याच्या टपरीवर कळलं. खरं बोलायला गेले, त्याची मला लाज नाही. पण तिच्या जागी उभी राहून बोलले.

आता ती बंगळूरला आहे. तीन आठवडे झाले, तीन उरलेत. बाबीने कोळंबीच्या कंपनीचं नाव अजून काढलेलं नाही. फोनवर ती जेवणाचं सांगते, पावसाचं सांगते, तिथे भात मिळतो पण कालवणात माशाच्या नावाने काही नाही. खेळाचं विचारलं की म्हणते, चल्लाहा. तेवढंच. ती बरी खेळते की नाही, हे तिला स्वतःलाही कळायला हवंय, आणि मी किंवा टोपीवाल्या बाईंनी सांगितलं तर तिला ते खरं वाटणार नाही.

म्हणून एक सांगणं आहे. हे वाचणारं आपल्याकडचं कोणी बंगळूरात असेल, कामाला किंवा शिकायला, तर एक दिवस सवड काढून तिच्या क्लबाचा सराव बघून या, मैदानाचा पत्ता परब सरांकडे मिळेल. सरावाला फाटक उघडं असतं, कोणी अडवत नाही असं ती म्हणाली. गोलासमोरची सगळ्यात मोठ्या पंजांची पोरगी ती माझी. तिला हाक मारू नका, गाववाले म्हणून ओळख सांगू नका, माझं नाव घेऊ नका, हात वर करू नका. लांब बसून नीट बघा. किती अडवले आणि किती सोडले, ते मोजा. मग घरी जाऊन, गोड न करता, जसं बघितलं तसं एका कागदावर लिहा आणि तिलाच पाठवा. मला नको.